नालासोपारा आणि वसई : एका रविवारात काय पाहावे?

प्रश्न : विरारला येऊन आम्हांला दोन वर्षे झाली, तरी जवळपासचे काहीच पाहिलेले नाही. सोबत सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा असेल. कोठून सुरुवात करावी?

प्रतिसाद १ : सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, बुरुड राजाच्या कोटापासून करावी; हा कोट म्हणजे प्राचीन बौद्ध स्तूप आहे. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ बुद्धमूर्ती सापडल्या. आज केवळ विटांचा उंचवटा दिसतो, म्हणून ही हकीकत मुलाला आधीच सांगून ठेवावी.

प्रतिसाद २ : वसईच्या किल्ल्यासाठी मात्र निवांत वेळ राखून ठेवा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तो पोर्तुगिजांकडून जिंकला, हे आपण शाळेत शिकतो. पण पडक्या चर्चच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवरील झिजलेली पोर्तुगीज अक्षरे बोटाने चाचपून पाहताना मला तो काळ खरोखर जवळ आल्यासारखा वाटला. जमीन ओबडधोबड आहे, तेव्हा सासूबाईंना उन्हाआधीच न्यावे.

प्रतिसाद ३ : सोपाऱ्यात मिळालेल्या अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहे. पुढच्या रविवारी तोही अवश्य पाहावा.