मदत हवी आहे: टेराफॉर्ममधून एक युजर काढायचाय, प्लॅन बत्तीस उडवायला निघालाय

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमची आठ जणांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. पतसंस्थांचे पिग्मी एजंट दिवसभर बाजारात फिरून जी रक्कम गोळा करतात, तिची फाईल रोज रात्री संस्थेचा क्लार्क आमच्या एसएफटीपी सर्व्हरवर (सुरक्षितपणे फाईली पाठवायचा सर्व्हर) टाकतो. रात्रीत ती प्रोसेस होते आणि सकाळी एजंटच्या मशीनमध्ये खातेदारांची ताजी शिल्लक भरली जाते. एका रात्रीची फाईल चुकली, तर रोज पन्नास रुपये भरणाऱ्या भाजीवाल्या मावशींना दुसऱ्या दिवशी पावतीवर जुना आकडा दिसतो. मग त्या एजंटला विचारतात, "काल दिलेले कुठं गेले?" त्या बिचाऱ्याकडे उत्तर नसतं. म्हणून हे काम माझ्यासाठी फार जिव्हाळ्याचं आहे.

सर्व्हर म्हणजे एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडची ट्रान्सफर फॅमिली ही फाईल-देवघेवीची सेवा, मुंबई रीजन, फाईली एस-थ्री या साठवणसेवेच्या बकेटमध्ये. युजर सर्व्हिस-मॅनेज्ड आहेत, म्हणजे त्यांची नोंद ट्रान्सफर फॅमिलीच ठेवते. त्यात पासवर्ड चालत नाही, म्हणून प्रत्येक संस्थेची पब्लिक की (किल्ल्यांच्या जोडीतली उघड द्यायची किल्ली) घेतलेली आहे. सगळ्यांना रोल (बकेट वापरायची परवानगी) एकच, आणि लॉजिकल होम डिरेक्टरीमुळे ज्याला त्याला फक्त आपापला फोल्डर दिसतो. हे सगळं टेराफॉर्ममध्ये (सर्व्हर, युजर वगैरे कोडमध्ये लिहून उभे करायचं साधन) लिहिलंय. संस्थांची एक यादी आहे, त्या यादीवर काउंट (ओळी मोजून तेवढ्या प्रती बनवायची सोय) लावून ४३ युजर तयार होतात, आणि तसाच काउंट लावून ४३ एसएसएच की.

एप्रिलमध्ये एक संस्था दुसरीत विलीन झाली. मी यादीतली तिची ओळ खोडली आणि प्लॅन (काय नवीन होणार, काय नष्ट होणार याची आगाऊ यादी) नीट न वाचता अप्लाय केलं, म्हणजे तो अमलात आणला. अर्ध्यावर लाल अक्षरात एरर यायला लागले की अमुक युजर आधीच अस्तित्वात आहे. रात्री नऊपासून फोन सुरू झाले. चौदा संस्थांना लॉगिनच होत नव्हतं. घाबरत घाबरत पुन्हा अप्लाय केलं तेव्हा उरलेले युजर तयार झाले आणि सगळं सुरळीत झालं. पण असं का झालं हे मला तेव्हा कळलं नाही आणि कामाच्या रगाड्यात मागे पडलं.

आता यादीतली बारावी संस्था बंद करायची आहे. या वेळी प्लॅन वाचला. शेवटची ओळ सांगते: नवीन ६२, बदल ०, नष्ट ६४. एक युजर आणि त्याची एक की, म्हणजे दोनच गोष्टी नष्ट व्हायला हव्यात ना? मी तिथेच हात आवरला.

माझे प्रश्न:

बाकीच्या बेचाळीस संस्थांना धक्का न लावता ही एक कशी काढू?

मी रजेवर असताना सहकाऱ्याने दोन युजर थेट एडब्ल्यूएसच्या कन्सोलवरून (वेबपानावरून) बनवले, ते टेराफॉर्मला ठाऊकच नाहीत. ते कोडमध्ये कसे आणू? खोडून नव्याने करायचे नाहीत, त्या संस्था रोज फाईली टाकतायत.

आणि मनातली सगळ्यात मोठी भीती: उद्या अशाच चुकीने सर्व्हरच उडाला तर? क्लार्क मंडळींच्या विनएससीपीत (फाईली चढवायचा प्रोग्रॅम) होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली, बदलल्याची सूचना येईल आणि सगळीकडे एकच घबराट होईल.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

घाटवाट:

आधी का होतंय ते सांगतो, मग उपाय आपसूक पटेल.

काउंट लावला की टेराफॉर्मला संस्था ओळखता येत नाही, फक्त क्रमांक ओळखता येतो. मोजणी शून्यापासून, म्हणून तुमची बारावी संस्था त्याच्या लेखी ११ नंबर. ती ओळ खोडली की तेरावी ११ वर येते, चौदावी १२ वर, असे सगळे एकेक घर वर सरकतात. टेराफॉर्मला दिसतं की ११ नंबरच्या युजरचं नाव बदललं. ट्रान्सफर फॅमिलीत युजरचं नाव जागच्या जागी बदलता येत नाही, म्हणून तो जुना नष्ट करून नवा करतो. ११ ते ४१ असे ३१ युजर बदलतात आणि शेवटचा ४२ नंबर नुसता नष्ट होतो. कीजचंही तेच. ३१ दुणे ६२, ३२ दुणे ६४. जुळला हिशोब?

एप्रिलचा एररही याच्याच पोटातला. टेराफॉर्म एका वेळी दहा कामं समांतर चालवतो. एका क्रमांकावर तेराव्या संस्थेचा युजर बनवायला जातो, पण त्याच नावाचा जुना युजर पुढच्या क्रमांकावरून अजून नष्ट झालेला नसतो. मग 'आधीच अस्तित्वात आहे'. दुसऱ्या अप्लायला जुने गेलेले असतात, म्हणून तेव्हा जमलं. फाईली मात्र या सगळ्यात सुरक्षित असतात. युजर म्हणजे बकेटच्या फोल्डरकडे नेणारं दार आहे, दार काढलं म्हणून आतलं सामान जात नाही.

उपाय: काउंट सोडा आणि फॉर-ईच घ्या. यादीऐवजी नकाशा (मॅप, म्हणजे नाव आणि त्याची माहिती अशा जोड्या) करा, संस्थेचं युजरनेम हेच प्रत्येकाचं नाव. मग कोणाला काढलं तरी बाकीचे हलत नाहीत.

पण नुसतं कोड बदललं तर टेराफॉर्म सगळे ४३ नष्ट करून नवे करायला निघेल. त्याला सांगावं लागतं की ११ नंबरवाला आणि हा नाववाला एकच आहेत. त्यासाठी मूव्हड ब्लॉक आहे, टेराफॉर्म १.१ पासून. प्रत्येक युजरला एक, प्रत्येक कीला एक, म्हणजे ८६ ब्लॉक. त्यात लूप चालत नाही, पत्ते सरळ लिहावे लागतात. हाताने लिहू नका, दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहून फाईल तयार करा. आणि क्रमांक कोणता, नाव कोणतं ही जोडी यादीच्या फाईलमधून उचलू नका, तुमच्या यादीतून तर बारावी ओळ आधीच खोडलेली आहे. टेराफॉर्म शो ही कमांड जेसन रूपात मागा, स्टेटमध्ये (टेराफॉर्म स्वतःजवळ ठेवतो ती नोंद) खरं काय आहे ते तिथे दिसेल.

सगळ्यात महत्त्वाचं: ही संस्था त्याच फेरीत काढू नका. खोडलेली ओळ परत आणा, ४३ च्या ४३ हलवा, प्लॅनमध्ये नवीन ०, बदल ०, नष्ट ० दिसलं तरच अप्लाय. काढायचं काम त्यानंतर, वेगळ्या फेरीत. आणि सुरू करण्याआधी स्टेट पुल करून प्रत बाजूला ठेवा.

रानजाई:

वरचा प्रतिसाद अगदी बरोबर आहे. थोडी भर घालते.

कन्सोलवरच्या दोन युजरांसाठी टेराफॉर्म १.५ पासून इम्पोर्ट ब्लॉक आहे, तो आधीच असलेली गोष्ट टेराफॉर्मच्या नोंदीत आणतो. युजरचा आयडी म्हणजे सर्व्हरचा आयडी, तिरकी रेघ, युजरनेम. कीसाठी त्यापुढे आणखी एक तिरकी रेघ आणि पब्लिक कीचा आयडी. तो आयडी कन्सोलवर मिळतो, नाहीतर बोटो-थ्रीत (एडब्ल्यूएसची पायथन लायब्ररी) डिस्क्राइब युजर मागवा. लिस्ट युजर्समध्ये फक्त किती कीज आहेत तो आकडा येतो. इम्पोर्टच्या प्लॅनमध्ये काहीही बदल दिसला तर अप्लाय करू नका, आधी कोड वस्तुस्थितीप्रमाणे दुरुस्त करा. सहकाऱ्याने होम डिरेक्टरी लॉजिकल न ठेवता साधी ठेवली असण्याची शक्यता जास्त, तिथेच फरक निघेल.

कीजच्या बाबतीत एक काळजी. एका युजरला दहापर्यंत कीज ठेवता येतात. एखाद्या क्लार्कचा कॉम्प्युटर बदलतो तेव्हा काही दिवस जुनी आणि नवी दोन्ही लागतात. कीजच्या नकाशात पहिली, दुसरी असे क्रमांक घातलेत तर आजचंच दुखणं लहान रूपात परत येईल. संस्थेचं नाव आणि पुढे त्या मशीनची खूण, असं जोडनाव द्या. नवी की घातली, तिने लॉगिन होतंय याची खात्री केली, मग जुनी काढायची.

सर्व्हरच्या भीतीबद्दल: सर्व्हरच्या ब्लॉकमध्ये लाइफसायकल घालून प्रिव्हेंट डिस्ट्रॉय चालू करा. प्लॅनमध्ये सर्व्हर नष्ट होणार असेल तर टेराफॉर्म तिथेच अडेल. पण तो ब्लॉकच कोणी कोडमधून खोडला तर हे राखण राहत नाही, हे लक्षात असू द्या. हे युजरांवर मात्र लावू नका, तिथे काढणं हे रोजचं काम आहे.

होस्ट की ट्रान्सफर फॅमिलीने स्वतः बनवलेली असेल तर तिचा खाजगी भाग तुम्हाला बाहेर काढता येत नाही. चालू सर्व्हरवर आज ती बदलायला जाऊ नका, ज्या सूचनेची भीती आहे ती तुम्हीच ओढवून घ्याल. पुढे नवा सर्व्हर उभारायची वेळ आली तर स्वतःची होस्ट की बनवून द्या आणि प्रत तिजोरीत ठेवा. टेराफॉर्ममधून दिलीत तर ती स्टेटमध्येही जाते, तेव्हा स्टेटची बकेट कोण वाचू शकतं ते आधी तपासा.

घाटवाट:

सरावासाठी दुसरा सर्व्हर उभारणार असाल तर काम झाल्यावर तो डिलीट करा. नुसता स्टॉप केला तरी मीटर चालू राहतं. प्रत्येक प्रोटोकॉलला तासाला ०.३० डॉलर, म्हणजे तीस दिवसांचे २१६ डॉलर.

धागाकर्ता:

घाटवाट, रानजाई ताई, मनापासून आभार.

शनिवारी दुपारी बसलो, कारण फाईली संध्याकाळी सातनंतर येतात. सरावाच्या सर्व्हरवर आधी पाच युजर काउंटने बनवले, मुद्दाम दुसरा खोडून प्लॅन पाहिला आणि युजर एकेक घर वर सरकताना बघितले. तेव्हा खरं समजलं. मग तेच पाच मूव्हड ब्लॉकने हलवून पाहिले, जमले, आणि सर्व्हर लगेच डिलीट केला.

खऱ्या सर्व्हरवर पहिल्या प्रयत्नात शून्य आलं नाही. दोन युजर आणि दोन कीज नष्ट होताना दिसल्या. शोधलं तर दोन संस्थांच्या नावांपुढे यादीत एकेक रिकामी जागा होती. एक्सेलमधून चिकटवताना आली असणार. जुन्या कोडमध्ये मी नाव देताना ती छाटत होतो, नव्या नकाशात छाटायची राहिली होती. ती दुरुस्त केल्यावर ८६ ओळींत 'अमुक आता तमुक आहे' आणि शेवटी तिन्ही ठिकाणी शून्य. अप्लाय केलं.

मग वेगळ्या फेरीत बारावी संस्था काढली. नवीन ०, बदल ०, नष्ट २. त्या रात्री दहापर्यंत लॉग उघडून बसलो होतो. ४२ संस्था आणि कन्सोलवरच्या दोन, अशा ४४ फाईली आल्या.

कन्सोलवरच्या एका युजरची होम डिरेक्टरी खरंच साधी निघाली, ताईंचा अंदाज बरोबर. त्या रोलला पूर्ण बकेटची परवानगी आहे, म्हणजे त्या क्लार्कला इतर संस्थांचे फोल्डरही दिसू शकले असते. आहे तशी इम्पोर्ट केली आणि लगेच दुसऱ्या फेरीत लॉजिकल केली. आता प्रत्येक युजरला सेशन पॉलिसी लावून त्याच्या फोल्डरपुरतंच बांधायचं म्हणतो. पॉलिसीत ट्रान्सफरचं युजरनेमवालं चलपद (डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं) लिहिलं की टेराफॉर्म ते स्वतःचं समजून एरर देतो. ते कसं टाळतात?

रानजाई:

डॉलरचं चिन्ह दोनदा लिहा. टेराफॉर्म एक खातो आणि दुसरं जसंच्या तसं पुढे पाठवतो. आणि पॉलिसी आटोपशीर ठेवा, २०४८ अक्षरांची मर्यादा आहे. विनएससीपी मोठी फाईल आधी फाईलपार्ट नावाने चढवून शेवटी नाव बदलतं, आणि एस-थ्रीवर नाव बदलणं म्हणजे कॉपी करून जुनं डिलीट करणं. म्हणून त्या फोल्डरवर गेट (वाचणं) आणि पुट (लिहिणं) यांच्याबरोबर डिलीटचीही परवानगी द्या, नाहीतर फाईल पूर्ण चढूनही अर्धवट नावाने पडून राहील.