उंच माणूस, बुटकी गाडी: आपापले अनुभव लिहा

लंबूटांग (धागाकर्ता)

माझी उंची सहा फूट तीन इंच. लोकलमधले हँडल लोक धरतात, मी चुकवतो. एवढ्यावरून कल्पना यावी.

गेल्या वर्षी सासऱ्यांच्या थोरल्या भावाची १९६७ सालची एमजीबी, एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, आमच्याकडे आली. दोन सीटची, कापडी हूडची, एके काळी हिरवी. काका पाच फूट पाच. ते बसले की गाडी त्यांच्या मापानं शिवल्यासारखी दिसायची. मी बसलो की सोसायटीतली पोरं खेळ थांबवून बघतात.

पाय लांब करायला या गाडीत जागा चिक्कार आहे, तिथे तक्रार नाही. भानगड वरच्या अर्ध्या भागाची. पुढच्या काचेची वरची पट्टी नेमकी डोळ्यांसमोर येते. खाली बघितलं तर रस्ता, वर बघितलं तर आभाळ, आणि ज्या उंचीवर बेस्टच्या बसची मागची काच असते तिथे ॲल्युमिनियम. मांडी आणि स्टिअरिंग यांच्यात तळहात सरकत नाही, त्यामुळे क्लचवरून पाय उचलला की गुडघा स्टिअरिंगला लागतो. दादरहून फोर्टला निघालो तर परळलाच पोटरीत गोळा.

एका गॅरेजवाल्यानं उपाय सांगितला, "फ्लोअर कापून दोन इंच खाली घेऊ. दोन दिवसांचं काम." ग्राइंडर हातात धरूनच बोलत होता. मी गाडी तशीच घरी आणली. कापायचं नाही एवढं ठरलंय. बाकी काय करता येतं? केलेलं लिहा, फसलेलं आधी लिहा.

कुर्ल्याचा पाना

कापू दिलं नाहीस ते उत्तम. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. बॉडी आणि फ्लोअर मिळूनच चासी आहे. ते कापणं म्हणजे चाळीत मधली भिंत पाडून हॉल मोठा करण्यासारखं. दिसायला छान दिसतं, वरच्या मजल्याला विचारा.

तीस वर्षं हेच करतोय, म्हणून क्रम सांगतो. आधी सीट काढ. बोल्ट हलणार नाहीत, आदल्या रात्री रॉकेल सोडून ठेव. सीट निघाली की उघड्या फ्लोअरवर गोणपाट टाकून नुसता बस. स्टिअरिंग धर, क्लच दाब, समोर बघ. जमिनीला टेकूनही पट्टी डोळ्यांसमोर येत असेल तर विषयच संपला, गाडी विक. येत नसेल तर आता खाली एकेक फळी घालत जा आणि बायकोला बाहेरून बघायला सांग. पट्टी जिथे आडवी येऊ लागते त्याच्या एक फळी आधी थांब. गोणपाटापासून तिथपर्यंतची उंची टेपनं मोज. तुझी सीट, फोम, कातडं, रनर (ज्यावर सीट पुढेमागे सरकते ते), सगळं तेवढ्यात बसलं पाहिजे. लोक आधी नवी सीट आणतात आणि मग मोजतात, तिथेच पैसे बुडतात.

तुझ्या गाडीत रनरच्या खाली लाकडाच्या पट्ट्या असतील. त्या काढल्या की अर्धा इंच मिळाला. बोल्ट मात्र तेवढे आखूड घे. अर्धा इंच म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पावसाळ्यात फुगलेलं दार किती इंचानं अडकतं?

सहाला एक कमी

बायकांनी लिहिलेलं चालेल ना? पाच फूट अकरा. लग्नाच्या बाजारात या इंचांनी आईची झोप उडवली होती आणि आता मिजेटमध्ये माझी उडवतात.

एमजी मिजेट ही एमजीबीची धाकटी बहीण, आणि खरंच धाकटी. हूड उघडं असताना मी मजेत असते, डोकं वाऱ्यावर. खरी परीक्षा जूनमध्ये. हूड लावलं की त्याची आडवी दांडी माझ्या टाळूवर येते. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर ती टकटक करून आठवण देत राहते. दांडीला मी पाइपचं काळं इन्सुलेशन, ते एसीच्या नळीवर चढवतात ना, तेच चिरून लावलंय. वीसेक रुपयांत टाळू वाचली.

लंबूटांग, तू सिग्नलबद्दल लिहिलं नाहीस. हाजी अलीला पहिल्या रांगेत उभी राहिले की वरचा सिग्नल मला दिसतच नाही. मान छातीला लावून वाकायचं, मग हिरवा दिसतो, तोवर मागून हॉर्न सुरू. आता मी सिग्नलकडे बघतच नाही. शेजारच्या बाइकवाल्याच्या डाव्या पायाकडे बघते. त्यानं गिअर टाकला की निघायचं. शक्यतो मात्र दुसऱ्या रांगेतच थांबते.

आणि चपला. माझा पाय मोठा, पेडल एकमेकांना चिकटून. बुटात ब्रेक दाबला की ॲक्सिलरेटरही दबायचा. भायखळ्याच्या पुलाच्या उतारावर हे एकदा झालं आणि पुढच्या टॅक्सीच्या बंपरपर्यंत जेमतेम वीतभर अंतर उरलं. तेव्हापासून पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट गाडीतच ठेवलेत, शाळेत पीटीला असायचे तसले.

जिराफाची बायको

आमच्याकडे नवरा सहा फूट दोन, मी पाच फूट एक. गाडी एमजी टीसी, १९४८ ची, त्याच्या वडिलांची. दोघांनाही चालवायची हौस.

टीसीत बसायच्या गाद्या दोन आहेत, पण पाठ एकच, सबंध रुंदीची. त्यानं त्याच्या सोयीनं पाठ मागे सारली की माझी पाठ हवेत. मी पुढे ओढली की त्याचे गुडघे कानाशी. हॉर्निमन सर्कलला रॅलीसाठी निघायचं म्हणजे आदल्या दिवशी "पाठ कुणाची?" यावर घरात शीतयुद्ध.

शेवटी तह झाला. पाठ कायमची मागे, त्याच्या मापाची. माझ्यासाठी मोहम्मद अली रोडवरच्या गादीवाल्याकडून पाचरीसारखी उशी करून घेतली, खाली जाड, वर पातळ, आत काथ्या. फोमची केली होती, ती दाबली जाऊन तासाभरात मी पुन्हा मागे. काथ्या दबत नाही. उशीला दोन पट्टे शिवलेत, ते पाठीमागून बांधायचे, नाहीतर ब्रेक मारला की उशी आपल्याआधी पुढे जाते.

उंच माणसांसाठी या गाडीत एक सोय मात्र छान. दारांची बिजागरं मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे आधी बूड आत, मग पाय. नवरा शिस्तीत आत जातो. मला साडीतही जमतं.

एकदा फसलेला

फसलेलं आधी लिहा म्हणालात म्हणून. दोन चुका केल्या, दोन्ही माझ्याच.

पहिली: उंची कमी करायला सीटचा फोम कापायला सांगितला. कुशनवाल्यानं विचारलं किती, मी हातानं दाखवलं. हातानं दाखवलेलं माप प्रत्येकाचं वेगळं असतं. गाडी परत आली तेव्हा डोक्याला जागा भरपूर, पण बुडाखाली फक्त रबराच्या पट्ट्या. लोणावळ्याला जाऊन आलो आणि चार दिवस ऑफिसात उभं राहून काम केलं. जुना फोम उचकटताना आत काय निघालं माहितीये? चर्चगेट ते वांद्रे, जाड पुठ्ठ्याचं जुनं तिकीट. ते अजून पाकिटात आहे, तेवढाच नफा.

दुसरी चूक गंभीर होती. सीट आणखी मागे जावी म्हणून रनरला नवी भोकं पाडली आणि साध्या वॉशरवर बोल्ट आवळले. फ्लोअर वरून ठीक दिसत होता, खालून गंजून पापुद्रे झाले होते. पेडर रोडच्या उतारावर जोरात ब्रेक मारला आणि सीट माझ्यासकट पुढे सरकली. एका बाजूचा बोल्ट पत्र्यातून आरपार निघाला होता. आता खालून तीन मिलीमीटरची लोखंडी प्लेट दिली आहे, हातभर लांब. सीट हलवणार असाल तर गाडी रॅम्पवर घेऊन आधी खालून फ्लोअर बघा. स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा, नुसतं बघू नका.

माटुंग्याची हेराल्ड

माझी स्पोर्ट्स कार नाही, चालेल का? १९६६ ची स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे ट्रायम्फ हेराल्डच, मद्रासला बनलेली. पण ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार याच गाडीच्या चासीला आखूड करून त्यावर बांधली, आणि दोघींचा डिझायनर एकच, मिकेलॉटी. तेव्हा नातेवाईक म्हणून आत घ्या.

या घराण्याच्या गाड्यांत एक गोष्ट बऱ्याच मालकांनाच माहीत नसते. स्टिअरिंगचा कॉलम एकात एक सरकणाऱ्या दोन तुकड्यांचा आहे. मधला क्लॅम्प ढिला करून स्टिअरिंग डॅशबोर्डकडे सरकवता येतं. मी वीस वर्षं कोपरं बरगड्यांना चिकटवून गाडी चालवली आणि एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं दहा मिनिटांत ते पुढे सरकवून दिलं. पैसेही घेतले नाहीत, फक्त हसला. क्लॅम्प परत नीट आवळलाय की नाही हे मात्र दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. ही हयगय करायची जागा नाही.

तुझ्या एमजीबीत असलं काही नाही, लंबूटांग, पण लहान स्टिअरिंग लाव. दीड इंचानं लहान व्यास घेतला तर मांडीशी पाऊण इंच सुटतो. ओपेरा हाऊसच्या पार्टवाल्यांकडे विचार, चाक मिळेल, त्याचा बॉस (चाक कॉलमला जोडणारा मधला तुकडा) तुझ्या गाडीचाच हवा. गल्लीत पार्क करताना हात भरून येतील एवढं नक्की.

पाठीचा कणा

फिजिओथेरपिस्ट आहे. गाड्यांतलं कळत नाही, गाडीवाल्यांच्या पाठी रोज बघते.

उंच लोक डोकं वाचवायला सीटवरून पुढे घसरून बसतात. मग कंबर मागे वळते, पाठीचा खालचा बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर भार येतो. डोक्याला दोन इंच मिळतात ते कमरेतून काढलेले असतात. सीट खाली घेतल्यावर मांड्यांना आधार उरत नाही, कारण गुडघे वर येतात आणि मांडी सीटपासून सुटते. सगळं वजन बसायच्या हाडांवर. म्हणून सीट खाली घ्यायची असेल तर मागची बाजू जास्त खाली घ्या, पुढची कमी. तोच कोन मांडीला आधार देतो. कमरेच्या पोकळीत गुंडाळलेला पंचा ठेवून बघा, महागडं काही घ्यायच्या आधी.

आणि क्लचचा पाय सिग्नलला न्यूट्रलमध्ये टाकून मोकळा करा. अर्ध्या मुंबईच्या गुडघ्यांसाठी सांगते आहे.

लंबूटांग

@पाठीचा कणा, पुढची बाजू वर ठेवली की मांडी पुन्हा स्टिअरिंगला लागणार. दोन्ही कसं जमायचं?

कुर्ल्याचा पाना

चाक लहान केल्यावर जमेल. म्हणून म्हणतो, सगळं एकत्र मोज.

कोव्हेंट्रीहून परत

एवढ्यात वाईट वाटून घेऊ नका, कारखान्यांनाही हे उशिराच कळलं होतं. जॅग्वार ई-टाइप १९६१ मध्ये आली तेव्हा तिचा फ्लोअर सरळसोट सपाट होता. उंच गिऱ्हाइकांनी बोंब मारली आणि १९६२ मध्ये कंपनीनं पायांपाशी फ्लोअर खाली घेतला. इंग्लंडात असताना दोन्हीत बसून बघितलंय. सपाट फ्लोअरवाली आज जास्त भाव खाते आणि माझे गुडघे तिच्यात मावत नाहीत. असो.

फोर्डच्या जीटी४० या रेसिंग कारच्या नावातला ४० म्हणजे गाडीची उंची, इंचांत. १९६७ च्या ले माँ शर्यतीत उंचापुऱ्या डॅन गर्नीचं हेल्मेट छताला लागायचं, म्हणून त्याच्या डोक्यावर छताला चक्क फुगवटा काढला. त्यानं आणि त्याचा जोडीदार फॉइटनं ती शर्यत जिंकली. त्याच मंचावर गर्नीनं शँपेनचा फवारा उडवला, ती प्रथा अजून चालू आहे.

नियमवाला

गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे, म्हणून एक सांगतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी करून 'व्हीए' मालिकेची नंबरप्लेट घ्यायची असेल तर चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला चालत नाही. फ्लोअर कापला असतास तर तिथे अडला असतास. रनर, गादी, स्टिअरिंग हे सगळं पुन्हा मूळ जागी बसवता येतं. पण त्या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. रोज फोर्टला न्यायची असेल तर त्या नोंदणीच्या वाटेला जाऊ नको.

लंबूटांग

तीन महिन्यांनी लिहितोय, माफी.

गोणपाटावर बसलो. पट्टी भुवईच्या वर गेली, म्हणजे गाडी विकायची नाही. मग पानाभाऊंच्या पद्धतीनं फळ्या. लाकडी पट्ट्या काढून अर्धा इंच. फोम मागच्या बाजूला सव्वा इंच पातळ केला, पुढे हात लावला नाही. माप कागदावर लिहून दिलं, हातानं दाखवलं नाही. खालच्या रबरी पट्ट्या नव्या घातल्या, त्यांच्यामुळे सीट पाव इंच वर आली, तो तोटा सोसला. चौदा इंची चाक लावलं. जुनं चाक जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवलंय. फ्लोअर स्क्रूड्रायव्हरनं टोचला, एका कोपऱ्यात गेला आत. तिथे पॅच मारून प्लेट दिली.

आता रस्ता पट्टीच्या खालून दिसतो. मांडी आणि चाक यांच्यात तळहात जातो, उभा नाही, आडवा. रविवारी पहाटे दादरहून मरीन ड्राइव्ह गाठलं, गोळा आला नाही. परतताना हाजी अलीला पहिल्या रांगेत सापडलो. सिग्नल अजूनही दिसत नाही. शेजारी बाइक होती.

काकांना दाखवायला घेऊन गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, चालवत नाहीत, पण बसायचं होतं. दार धरून बसवलं. स्टिअरिंग हातात घेऊन समोर बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, मला बॉनेटपण दिसत नाही. पट्ट्या कुठे टाकल्यास?"

टाकल्या नाहीत. माळ्यावर आहेत, मागे त्यांच्याच हातचं "ड्रायव्हर साइड" लिहिलेलं.