बोन्साय: पाच वर्षं झाली, आता कंटाळा आलाय. तुम्ही लोकांनी कसं टिकवलं?

गच्चीवाला_कोथरूड

नमस्कार मंडळी. मी काही एक्स्पर्ट नाही, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लागलेला नाद आहे. युट्यूब बघून बघून एका वेळी १४ कुंड्या झाल्या होत्या, त्यातल्या आता सहा उरल्यात. मे महिन्यात नऊ दिवस गावी लग्नाला गेलो, शेजारच्या मुलाला पाणी घालायला सांगितलं होतं, तर त्याने काय केलं माहितीये, रोज प्रामाणिकपणे स्प्रेच्या बाटलीने पानं ओली केली! माती कोरडी ठणठणीत. करवंद गेलं, चिंच गेली. पोराला काय बोलणार, मीच नीट सांगितलं नव्हतं.

पण खरा प्रश्न मेलेल्या झाडांचा नाहीये. जी जिवंत आहेत त्यांचं काही होतच नाही हा प्रश्न आहे. फायकस (वड-उंबराच्या जातीचं झाड) आणलं तेव्हा खोड अंगठ्याएवढं होतं, आज पण अंगठ्याएवढंच. बायको म्हणते पाच वर्षं हे आहे तेवढंच आहे, तुला नक्की काय करायचंय त्याचं? आईचं वेगळंच, खुंटलेलं झाड घरात ठेवू नये म्हणे. मधे दोन महिने मी कात्रीला हात लावला नाही आणि खरं सांगायचं तर काही वाटलं पण नाही, म्हणून जरा घाबरलो. इथे दहा-वीस वर्षं करणारे लोक आहेत. तुमचा इंटरेस्ट टिकतो कसा?

मातीत_हात

आधी एक सांगा, ते फायकस कसल्या कुंडीत आहे? उथळ ट्रेमध्ये असेल तर ५ काय १५ वर्षांनी पण अंगठ्याएवढंच राहील. ट्रे ही झाड जाड करायची जागाच नाही, ती तयार झालेलं झाड आहे तसं ठेवायची जागा आहे. मुळं कोंडली, वरून आपण दर पंधरा दिवसांनी शेंडे खुडतोय, खोडाला माल मिळणार कुठून.

आपण सगळे उलटं करतो, आधी हौसेने ट्रे आणतो आणि मग त्यात बसेल असं झाड शोधतो. खोड हवं असेल तर १४-१६ इंची ग्रो बॅगेत किंवा जमिनीत टाका, खालची एक फांदी मोकाट सोडून द्या (तिला अजिबात हात लावायचा नाही, चार-पाच फूट गेली तरी), आणि दोन-तीन वर्षं फक्त पाणी आणि खत. मग ती फांदी कापून टाकायची. दिसायला ते जंगली दिसतं, पाहुण्यांना दाखवता येत नाही, पण खोड तिथेच होतं.

बाल्कनी_बहाद्दर

स्पष्ट बोलू का? सोडून द्या ना. छंद आहे, होम लोन नाही. दोन महिने काही वाटलं नाही म्हणजे उत्तर मिळालंच की तुम्हाला. झाडं कुणालातरी द्या आणि मोकळे व्हा.

उंबरकाकू

बाल्कनी, तू गप रे जरा. पोरगा विचारतोय कसं टिकवायचं, आणि तू त्याला कसं सोडायचं ते सांगतोयस.

माझा उंबर १९९८ चा. आमच्या सांगलीच्या जुन्या घराच्या पागोळीच्या पाइपाच्या बेचक्यात उगवला होता, रंगकामवाला उपटून फेकायला निघाला तेव्हा मी त्याच्या हातातून घेतला, डाल्डाच्या डब्यात लावला. तेव्हा मला बोन्साय हा शब्द पण नीट येत नव्हता. पहिली सात-आठ वर्षं तो फुटक्या घमेल्यातच होता, त्यामुळे मातीत_हात म्हणतोय ते अगदी बरोबर आहे, त्याचं खोड त्या घमेल्यात झालं, माझ्या कौशल्याने नाही.

इंटरेस्टचं म्हणशील तर रोज काही करायचं नसतं हे मला फार उशिरा कळलं. रोज फक्त पाणी, तेही सकाळच्या चहाचा कप हातात घेऊन, आणि बोट मातीत खुपसून बघून. बाकीची कामं मी कॅलेंडरला बांधून टाकलीत. उंबर-वडाची कुंडी बदलायची ती पाडव्यानंतर, कोवळी पालवी दिसली की, आणि ती पण दोन-तीन वर्षांनी एकदा. पावसाळ्यात छाटणी. थंडीत काही नाही, नुसतं बघायचं. म्हणजे वर्षातले नऊ महिने तरी मी काही करत नाही. तू काहीतरी व्हायलाच पाहिजे म्हणून बघत बसलायस म्हणून कंटाळलास.

आणि माझ्याकडून चुका झाल्या नाहीत असं समजू नकोस. एका वर्षी गौरी-गणपतीच्या आसपास डाव्या फांदीला वळण द्यायला वायर गुंडाळली आणि विसरले. आठवण झाली ती दिवाळीचा फराळ करताना! पावसात फायकसवर्गातलं झाड केवढ्या झपाट्याने सुजतं, वायर सालीत गेली होती, कटरने तुकडे तुकडे करून काढली, पांढरा चीक नुसता गळत होता. ती फांदी अजून आहे. वायरीचा वण डोळ्यांना आता फारसा दिसत नाही पण बोट फिरवलं की गोल जिना लागतो.

२०१९ च्या ऑगस्टला कृष्णा घरात आली, अंगणातल्या सगळ्या कुंड्या चार दिवस गढूळ पाण्याखाली. आम्ही परत आलो तर बोटभर गाळ, ॲडेनियमला (फुगीर बुंध्याचं फुलझाड) हात लावला तर मऊ लागलं, आतून कुजलेलं. मी रडले. उंबराची पानं सगळी गेली होती पण नखाने साल खरवडली तर खाली हिरवं. तो शेवटी नदीकाठचाच, त्याला पुराचं काय. पंधरवड्यात फुटला.

आईला सांग, आमच्या सासूबाईंनी पण आधी नाक मुरडलं होतं, खुंटलेलं झाड घराची वाढ खुंटवतं वगैरे. मग त्याच्या खोडाला चार उंबरं लागली तेव्हा म्हणाल्या अगं हा तर औदुंबर, दत्ताचा. पुढे दर गुरुवारी हळदकुंकू वाहायला लागल्या. शेवटी मी ट्रेपुढे एक छोटा पाट ठेवला, म्हटलं पूजा इथे, मातीत कुंकू नको.

मेरीलँडचा_मराठी

काकू 🙏

इकडून थोडं. माझ्या घरापासून वॉशिंग्टनचं नॅशनल आर्बोरेटम (झाडांचं मोठं सरकारी उद्यान) तासाभरावर आहे, तिथे बोन्सायचं वेगळं म्युझियमच आहे. त्यात एक जपानी पांढरा पाइन आहे, १६२५ पासून बोन्साय म्हणून वाढवलेला. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याचा. १९४५ मध्ये बॉम्ब पडला तिथून घर साधारण ३ किलोमीटरवर, भिंतीच्या आडोशामुळे घर आणि झाडं वाचली. १९७६ साली जपानने अमेरिकेला ५३ बोन्साय भेट दिली त्यात हा आला. पण बॉम्बची गोष्ट तेव्हा कुणी सांगितलीच नाही, २००१ मध्ये यामाकींचे नातू बघायला आले तेव्हा म्युझियमवाल्यांना कळलं. म्हणजे २५ वर्षं तिथले लोक त्याला फक्त एक चांगला पाइन म्हणून रोज पाणी घालत होते! मला बॉम्बपेक्षा हेच जास्त लक्षात राहिलंय.

बाकी माझं म्हणाल तर इथे सगळं उलटं आहे, ज्युनिपर (थंड हवेतलं सुरूसारखं झाड) बर्फात बाहेर ठेवायचा, त्याला थंडी लागतेच, आणि फायकस नोव्हेंबर ते एप्रिल बेसमेंटमध्ये दिव्याखाली. पुण्यात असताना नर्सरीतून हौसेने आणलेला ज्युनिपर मी दोनदा मारला. तिकडे वड, उंबर, जेड, बोगनवेल असं आपल्या हवेतलं घ्या, निम्मा मनस्ताप तिथेच संपतो.

खुरपं_७७

मला वाटतं झाडं कमी असणं हाच तुमचा प्रॉब्लेम आहे. सहाच असतील तर हात शिवशिवतो आणि त्याच सहांना आपण छळतो. माझ्याकडे वीसेक आहेत, त्यातली बारा नुसती बॅगेत वाढतायत, फुकटातली, भिंतीतून काढलेले वड-पिंपळ. बोगनवेल तर कोणी कुंपणाची छाटत असेल तर बुंधा मागून आणायचा, मनगटाएवढं खोड पहिल्या दिवसापासून. एकाला विश्रांती, दुसऱ्यावर काम.

अजून एक, फोटो काढा. दर पाडव्याला त्याच कोपऱ्यातून, शेजारी मापाला एकच वस्तू ठेवून. मी आधी बिस्किटचा पुडा ठेवायचो, पण पुडाच दरवर्षी लहान व्हायला लागला त्यामुळे झाड उगाच मोठं दिसायचं 😂 आता स्टीलचा पेला ठेवतो.

गच्चीवाला_कोथरूड

सगळ्यांना थँक्स, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. मातीत_हात, पकडलंत. आठ इंची ट्रे आहे, २०२१ पासून. आणि हो, दर रविवारी शेंडे मीच खुडतो. काल जुना फोटो शोधला तर खोड खरंच तेवढंच आहे, पण बुंध्याशी मुळं मातीवर आलीयत, चार बाजूंना पसरलीयत, ती तेव्हा अजिबात नव्हती. रोज बघून दिसलंच नाही.

रंगाची २० लिटरची रिकामी बादली मिळालीय, खाली भोकं पाडली. बाल्कनीसाहेब, फायकस सोडून बाकी पाचातली तीन देऊन टाकतोय, तेवढं तुमचं ऐकलं. काकू, आता जून आहे, आत्ता हलवू की पुढच्या पाडव्याची वाट बघू? आणि परत गावी जायचं झालं तर पाण्याचं काय?

उंबरकाकू

आत्ताच हलव, पाऊस लागलाय, हवा दमट आहे. पण हे कुंडी बदलणं नाही, नुसतं मोठ्या जागेत सोडणं आहे, मुळं कापत बसू नकोस, खालची गुंतलेली बोटाने जरा मोकळी कर बास. मातीत विटांचा चुरा घाल पण चाळून घे, पिठासारखी धूळ राहिली की पाणी तुंबतं. निम्मा चुरा, बाकी पोयटा आणि जुनं शेणखत. पंधरा दिवस सावलीत, मग उन्हात. खत महिनाभर नको.

गावी जाताना पसरट टबात ओली वाळू, त्यावर ट्रे, वर ओलं गोणपाट, आणि टब सावलीत. आणि त्या शेजारच्या पोराला एकदा समोर उभं करून दाखव, खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घालायचं म्हणून. स्प्रेची बाटली लपवून ठेव.

करवंद उपटलंस का रे? टाकलं नसशील तर आधी नखाने साल खरवडून बघ.