मदत हवी आहे: लेजरची (खातेवहीची) विस्कटलेली फाइल मॅक्रोने (एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रामने) सरळ कशी करावी?

अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून लेजर एक्सेलमध्ये काढलं, की खात्याचं नाव फक्त वर एकदाच येतं. खाली नोंदी, मध्येच बेरजेच्या ओळी, शिवाय प्रत्येक पानाचं शीर्षक पुन्हा पुन्हा (छापायला ठीक, पण पिव्हटला, म्हणजे एक्सेलच्या सारांश तक्त्याला, काय उपयोग?). मला प्रत्येक नोंदीसमोर खात्याचं नाव हवंय.

व्हीबीएमध्ये (मॅक्रो लिहायच्या भाषेत) एकेक ओळ तपासत जाणारा लूप लिहिलाय: पहिल्या कॉलममध्ये तारीख नसेल तर ती ओळ खात्याचं नाव धरायची. पण बेरजेच्या ओळीतही तारीख नसते, त्यामुळे 'एकूण' हेच खातं होऊन बसतं! त्यात तीच फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून काढून मॅक्रोने उघडली की ०५/०६ चा दिवस-महिना उलटतो आणि २५/०६ नुसता मजकूर राहतो. बेरजेच्या ओळी नेमक्या कशावरून ओळखायच्या? की मॅक्रो सोडून पॉवर क्वेरीतलं (एक्सेलच्या डेटा साफ करायच्या साधनातलं) फिल डाउन, म्हणजे वरचं नाव खालच्या रिकाम्या ओळींत भरणं, वापरू? फाइल दर महिन्याला नवी येते.