लॅपटॉपवर बोलतो, पायवर मुका

मागवाला, सोलापूर:
अक्कलकोट रोडला आमचे टॉवेलचे सहा माग आहेत. धोट्याच्या फेऱ्या मोजायला रास्पबेरी पाय (एआरएम चिपचा छोटा संगणक) लावलाय, ६४ बिटी. प्रिंटएफ (सी भाषेतलं छापायचं तयार फंक्शन) नको, थेट कर्नलशीच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशीच बोलायचं असं खूळ शिरलं डोक्यात, म्हणून सीमध्ये लिहिलं: सिसकॉल(१, १, ओळ, लांबी). इंटेलच्या लॅपटॉपवर झकास. पायवर एक अक्षर उमटत नाही. दोन रात्री कापसाचा भुगा झटकत सेन्सरच्या वायरी बदलल्या. वडील म्हणतात, वहीच बरी होती. चुकतंय कुठं?

जुना_खिळा:
पहिला १ काढा आधी, तो कर्नलला सांगायच्या कामाचा नंबर. राइटचा, म्हणजे लिहायच्या कामाचा नंबर इंटेल ६४ बिटीवर १, एआरएम ६४ वर ६४. तिथं १ म्हणजे आयओ_डिस्ट्रॉय, भलतंच काम! सिसकॉल() नं उणे १, म्हणजे चूक झाली, असं परत दिलं असणार, ते तुम्ही पाहिलंच नाही. वायरी बिचाऱ्या उगाच बदनाम. आकड्याऐवजी एसवायएस_राइट लिहा, म्हणजे कंपाइलर त्या त्या मशीनचा नंबर घेतो. तरी फाइल उघडायच्या ओपनला अडकाल: एआरएम ६४ वर तो कॉलच नाही, ओपनॲट आहे. लायब्ररीचा ओपन() हे गुपचूप सांभाळून घेतो.

मागवाला:
एसट्रेस (कर्नलला केलेले कॉल दाखवणारं साधन) लावला. आयओ_डिस्ट्रॉय, पुढं उणे १, ईइनव्हॅल (चुकीचं मूल्य). कपाळावर हात मारला, सर.

पूर्वभाग_पोरगा:
का बे, प्रत्येक फेरीची वेळपण थेट घेतोस का? क्लॉक_गेटटाइम लायब्ररीतून घे. ती व्हीडीएसओतून (कर्नलनं प्रोग्रामच्याच मेमरीत ठेवलेल्या कोडातून), कर्नलात न शिरताच वेळ आणते. थेट कॉल केलास तर दर फेरीला आत जाऊन बाहेर यायचं. मी सिसकॉल() वापरायचो ते फक्त गेटटिडला (थ्रेडचा नंबर देणारा कॉल). त्याला ग्लिबसीत (लिनक्सवरची सी लायब्ररी) रॅपरच, म्हणजे तयार फंक्शनच नव्हता, २०१९ ला २.३० आवृत्तीत आला.

मागवाला:
लायब्ररीचा राइट() टाकला, आकडे यायला लागले. आता नवीनच: एक प्रिंटएफ राहिलाय, त्याची ओळ स्क्रीनवर दिसते, पण आउटपुट फाइलमध्ये वळवलं की गायब. शेवटी एसवायएस_एक्झिट_ग्रुप (प्रोग्राम बंद करायचा थेट कॉल) आहे.

जुना_खिळा:
मग कशी येणार? फाइलला लिहिताना प्रिंटएफ मजकूर बफरमध्ये साठवतो, आणि तो रिकामा करतो लायब्ररीचा एक्झिट(). तुम्ही त्याला बगल देऊन परस्पर दुकान बंद केलंत. साधा एक्झिट() लावा.

मागवाला:
आली ओळ. वडिलांना अजून सांगितलं नाही, वही चालूच आहे.