प्रत्येक मागणीसाठी नवा चेकबॉक्स द्यावा का?

मूळ लेख

डेस्कटॉप प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये चेकबॉक्स वाढवणे इतके सोपे असते, की तो वाढवावा की नाही याचा विचार बहुधा होतच नाही. क्यूटीमध्ये (डेस्कटॉप प्रोग्राम लिहिण्याच्या एका साधनसंचात) चेकबॉक्स तयार करून लेआउटमध्ये (विंडोतील घटकांच्या मांडणीत) टाकला, त्याचा सिग्नल (खूण बदलल्याचा संदेश) कोडला जोडला आणि त्याची स्थिती जतन केली, की काम संपले असे वाटते. खरा भार त्यानंतर सुरू होतो. परस्परांपासून स्वतंत्र असे १० चेकबॉक्स असतील, तर प्रोग्रामच्या १०२४ अवस्था संभवतात आणि त्यांतल्या मोजक्याच कोणी तपासलेल्या असतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की विकासकांचे एखाद्या वर्तनाबद्दल एकमत झाले नाही, की वाद मिटवण्यासाठी चेकबॉक्स टाकला जातो आणि न झालेला निर्णय वापरकर्त्याच्या गळ्यात पडतो. २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २ ने (लिनक्सवरील एका डेस्कटॉपने) असे कितीतरी पर्याय काढून टाकले, ते माझ्या मते योग्यच होते.

प्रतिसाद १

असहमत. ग्नोमचेच उदाहरण पुढे नेतो. २००४ च्या ग्नोम २.६ मध्ये नॉटिलस (ग्नोमचा फाइल व्यवस्थापक) प्रत्येक फोल्डर मुळातच नव्या विंडोत उघडू लागले. हे बंद करण्याची सोय होती, पण ती जीकॉन्फ या ग्नोमच्या सेटिंग्जच्या साठ्याच्या संपादकात दडलेली होती आणि सेटिंग्जच्या विंडोत त्यासाठी साधा चेकबॉक्स पुढील आवृत्त्यांमध्ये आला. म्हणजे पर्याय नाहीसा झाला नव्हता, तो फक्त जाणकारांपुरता उरला होता. अवस्थांची संख्या तेवढीच राहिली, तपासणीचे कामही तेवढेच राहिले. गैरसोय मात्र ज्याला संपादक उघडता येत नाही त्याची झाली. शिवाय ॲनिमेशनमुळे ज्यांना चक्कर येते, त्यांच्यासाठी ते बंद करणारा चेकबॉक्स ही आवडीनिवडीची बाब नसून गरज आहे.

मूळ लेखक

दडवलेल्या पर्यायाचा आक्षेप मला मान्य आहे. पर्याय ठेवायचाच असेल तर तो दिसला पाहिजे. ॲनिमेशनचे उदाहरण मात्र माझीच बाजू बळकट करते. विंडोज आणि मॅकओएस या दोन्हींमध्ये हालचाल कमी करण्याची सोय मुळातच आहे. प्रोग्रामने ती वाचून तसे वागावे. एकदा सांगितलेली गोष्ट वापरकर्त्याने प्रत्येक प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये पुन्हा का सांगावी?

प्रतिसाद २

दोघेही संख्येवर बोलत आहेत, पण त्रास अधिक होतो तो वाईट रीतीने लिहिलेल्या चेकबॉक्सचा. ‘सूचना दाखवू नका’ यावरची खूण काढली की सूचना दिसतात, हा दुहेरी नकार कोणाच्याही डोक्यात सहज बसत नाही. ‘आडवे पान’ असा एकच चेकबॉक्स असेल, तर खूण नसताना काय होईल याचा अंदाज बांधावा लागतो; तेथे ‘उभे’ आणि ‘आडवे’ अशी दोन रेडिओ बटणेच (ज्यांतले एकच निवडता येते) हवीत. काही जण चौकोन कोरा ठेवून त्याच्या शेजारी वेगळे लेबल लावतात, आणि मग शब्दांवर क्लिक करून खूण होत नाही आणि स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) नुसता निनावी चेकबॉक्स सापडतो. कोडमध्येही सावध राहावे लागते. जावाच्या स्विंगमध्ये (विंडो बनवण्याच्या साधनसंचात) जतन केलेली स्थिती कोडमधून लावली, तर आयटमलिसनर (स्थिती बदलली की चालणारा कोड) चालतो पण ॲक्शनलिसनर (वापरकर्त्याने क्लिक केले की चालणारा कोड) चालत नाही; त्यामुळे ज्याने सगळे काम ॲक्शनलिसनरवर सोपवले आहे त्याच्या विंडोत प्रोग्राम सुरू होताना खूण दिसते, पण तिच्यावर अवलंबून असलेले बाकीचे घटक जुन्याच अवस्थेत राहतात.

प्रतिसाद १

लेबलाबद्दल सहमत. मूळ लेखकांना एवढेच विचारतो, की सिस्टिमची सोय सगळ्या प्रोग्रामना एकदम लागू होते. मग ज्याला एकाच प्रोग्रामची हालचाल असह्य होते आणि बाकीच्यांची हवी असते, त्याने काय करावे? मला तरी चेकबॉक्सवाचून दुसरा मार्ग दिसत नाही.