टेक्सास: गणेशोत्सवाच्या हॉलवर पिस्तूलबंदीची पाटी लावावी का?

प्लेनोची_मनवा

नमस्कार मंडळी. मी डॅलसच्या उत्तरेला राहते आणि यंदा आमच्या छोट्या मंडळाच्या कार्यकारिणीत अडकले आहे. (मंडळ म्हणजे मोदक, लेझीम आणि ईमेलवरची भांडणं.)

गेल्या वर्षी आरतीला एका सभासदाचे शेजारी आले होते. अमेरिकन, साठीचे, हातात फुलं आणि कमरेला सगळ्यांना दिसेल असं पिस्तूल. माणूस अगदी सभ्य. बूट बाहेर काढा म्हटल्यावर निमूट काढले. पिस्तुलाबद्दल मात्र कोणी ब्रसुद्धा काढला नाही. प्रसादाच्या रांगेत त्यांच्या पुढेमागे आपोआप मोकळी जागा झाली. मोठे लांब, पण पोरं तिथेच घुटमळत होती, कारण ते होल्स्टर (पिस्तुलाचं कमरेचं म्यान) बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येत होतं. माझी धाकटी तर बाप्पा सोडून तेच बघत होती.

यंदा कार्यकारिणीत दोन तट आहेत. एक म्हणतो पाटी लावा. दुसरा म्हणतो, इथल्या लोकांचा हा हक्क आहे, उगाच वाईटपणा कशाला? हॉल खासगी आहे, भाड्याने घेतलाय. आपल्याला नाही म्हणता येतं का? आणि म्हणावं का?

ह्यूस्टनचे_आबा

मनवाताई, येतं. हॉलमालकाला आधी विचारा, त्याची हरकत नसेल तर पुढचं सोपं आहे.

१ जानेवारी २०१६ पासून इथे परवानाधारकाला उघडं पिस्तूल बाळगता येतं. १ सप्टेंबर २०२१ पासून परवानाही लागत नाही. कायद्यात वय २१ लिहिलंय, पण १८ ते २० वयाच्यांवरची बंदी २०२२ला संघराज्याच्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. कायद्याने बंदूक बाळगायला बंदी घातलेली नसावी आणि उघडं असेल तर ते होल्स्टरमध्ये हवं. पण खासगी जागेच्या दारात हा हक्क थांबतो. आत घ्यायचं की नाही, हे जागा ज्याच्या ताब्यात आहे तो ठरवतो.

पाट्या तीन प्रकारच्या, दंडसंहितेच्या कलमांवरून ओळखल्या जातात. ३०.०७ उघड्या पिस्तुलासाठी, ३०.०६ परवाना असून लपवून बाळगणाऱ्यांसाठी, ३०.०५ बिनपरवानावाल्यांसाठी. ३०.०६ आणि ३०.०७ इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत हव्यात, अक्षरं किमान एक इंच उंच. ३०.०७ प्रत्येक प्रवेशद्वारावर हवी. पिस्तुलावर लाल काट मारलेलं चित्र इंटरनेटवरून छापून डकवलंत तर परवानाधारकाला ते बांधील नाही. हॉल शाळेचा असता तर पाटीची गरजच नव्हती, तिथे कायद्यानेच मनाई आहे. सरकारी हॉलचं उलट, तिथे सहसा अशी पाटी चालत नाही.

आता 'म्हणावं का'. मी १९९४ पासून इथे आहे. तेव्हा टेक्सासात पिस्तूल घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी होती, आणि ती १८७१ पासूनची! काउबॉयच्या राज्यात! रायफल खांद्याला लावून फिरलात तर चालायचं, पिस्तूल नाही. १९९५ला बुश गव्हर्नर असताना लपवून बाळगण्याचा परवाना आला. मग उघडं पिस्तूलही चालू द्या म्हणून २०१३-१४ला काही मंडळी रायफली घेऊन चिपोटलेच्या रेस्टॉरंटांत, टार्गेटच्या दुकानांत शिरू लागली. झालं काय? दोन्ही कंपन्यांनी 'कृपया बंदुका आणू नका' असं जाहीर केलं. २०१९ला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये २३ जीव गेले, त्यानंतर वॉलमार्टनेही उघड्या बंदुका नकोत असं सांगितलं. एवढ्या मोठ्या दुकानांनी नाही म्हटलं, तर तुम्ही कशाला ओशाळता?

मी स्वतः परवानाधारक आहे, शर्टाखाली बाळगतो. उघडं बाळगणं मला पटत नाही. ७ जुलै २०१६ला डॅलसच्या मोर्चात वीस-तीस जण उघड रायफली घेऊन चालत होते. गोळीबार सुरू झाला, पाच पोलीस गेले. त्या गोंधळात कोण मारेकरी नि कोण मोर्चेकरी हे ओळखणं कठीण गेल्याचं पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी नंतर सांगितलं. एका निर्दोष रायफलवाल्याचा फोटो संशयित म्हणून जगभर गेला. त्या बिचाऱ्याने स्वतःहून रायफल पोलिसांच्या हवाली केली होती.

खरी गोम अशी की विधिमंडळाने परवानगी देऊन टाकली आणि नकार द्यायचं काम यजमानाच्या गळ्यात घातलं. आपण मराठी माणसं त्यातच मार खातो. भीड भिकेची बहीण, ताई. पाटी असली की तोंडाने बोलावं लागत नाही.

लबकजवळचा

आबांचा आदर ठेवून असहमत. माझं दुकान गावाबाहेर हायवेवर आहे. शेरीफची (म्हणजे पोलिसांची) गाडी यायला अर्धा तास सहज लागतो. मी काउंटरमागे उघडं पिस्तूल लावतो आणि गिऱ्हाईक हवापाण्याच्या गप्पा मारून जातं. इथे त्याकडे कोणी वळूनसुद्धा बघत नाही. जे दिसतं त्याची भीती आणि आबांच्या शर्टाखालच्याची नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? उघडं बाळगणारा निदान काही लपवत तरी नाही.

आणि २९ डिसेंबर २०१९ विसरू नका. फोर्ट वर्थजवळच्या व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमध्ये हल्लेखोराने दोघांना मारलं, पण चर्चच्याच सुरक्षापथकातल्या स्वयंसेवकाने सहा सेकंदांत त्याला आडवा केला. पाटी लावून सगळ्यांना निःशस्त्र करणार असाल तर दारावर पगारी सुरक्षारक्षक उभा करा. वर्गणी वाढवावी लागेल, एवढंच.

ऑस्टिन_नवखा

मी एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा वादच एकतर्फी आहे. अशा नॉन-इमिग्रंट (कायम वास्तव्याच्या नसलेल्या) व्हिसावरच्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ऑफिसमधले मित्र शूटिंग रेंजला चल म्हणून मागे लागतात, मी डोकेदुखीचं निमित्त काढतो. ग्रीन कार्ड मिळालं की घेता येतं म्हणे. आम्हा भारतीयांच्या ग्रीन कार्डाच्या रांगेचा वेग बघता तोवर माझा चष्म्याचा नंबर इतका वाढलेला असेल की नेम धरायचा प्रश्नच नाही.

मंडळात निम्मे लोक माझ्यासारखे. म्हणजे 'सगळ्यांचा हक्क' म्हणतात तो आमच्यातल्या निम्म्यांना नाहीच. पाटीला +१.

प्लेनोची_मनवा

सगळ्यांचे आभार. लबकजवळच्यांचं म्हणणं बैठकीत मांडते, सुरक्षारक्षकाचं खरंच पटलं. पण दुकानाचं काउंटर आणि आरतीची गर्दी यांत फरक आहे हो. तुमच्याकडे दीड वर्षाचं मूल होल्स्टर धरून उभं राहायचा प्रयत्न करत नाही! आबा, एकच शंका. फक्त ३०.०७ लावावी की तिन्ही? आणि पाटी बघूनही कोणी आत आलंच तर?

ह्यूस्टनचे_आबा

दिसणाऱ्या पिस्तुलालाच हरकत असेल तर ३०.०७ आणि दारावर बोलायला एक माणूस ठेवा, कारण बिनपरवानावाल्याला ती पाटी लागू नाही. काहीच नको असेल तर तिन्ही. आमच्या मंडळाने तिन्ही लावल्या, मी माझं गाडीत कुलपात ठेवून जातो.

पाटी डावलून आला तर २०० डॉलरपर्यंत दंड. पण तुम्ही तोंडी सांगूनही गेला नाही, तर तो 'क्लास ए' गुन्हा होतो, वर्षापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. म्हणून दारावर शांत डोक्याचा माणूस ठेवा, लेझीमवाल्यांपैकी नको. मजकूर कायद्यातून जसाच्या तसा उचला, स्पॅनिशसुद्धा. ३०.०६ आणि ३०.०७चा मजकूर लांबलचक आहे, एक इंची अक्षरांत दोन्ही भाषा बसवल्या की पाटी चांगलीच मोठी होते. छापणाऱ्याला आधी माप विचारून घ्या.